स्फुरदाचा डोस ठरवताना मुळांकडेही पाहावे

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

उन्हाळ कांद्याच्या पुनर्लागवडीचा हंगाम जवळ आला की डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या टंचाईच्या, लिंकिंगच्या (एका खताबरोबर दुसरे माथी मारण्याच्या) आणि खतांच्या दुकानांपुढच्या रांगांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, आणि त्या यायलाच हव्यात. मात्र या चर्चेत स्फुरदाकडे (फॉस्फरसकडे) केवळ पुरवठ्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. जमिनीत पडलेला स्फुरद पिकाच्या मुळांत, त्या मुळांशी नाते जोडणाऱ्या बुरशीत आणि पिकाच्या संजीवकांत (हार्मोन्समध्ये) काय घडवतो, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र हा विषय मी महाविद्यालयात शिकवला आहे आणि आमची शेती निफाड तालुक्यात आहे. या दोन्ही कारणांनी ही उणीव मला तीव्रतेने जाणवते. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे, पण विषय अर्धवट सांगण्यासारखा नाही.

तातडीचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांत मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी नाते जोडणाऱ्या याच बुरशीची, पाकिटे सर्रास विकली जाऊ लागली आहेत. डीएपीची किंवा 10:26:26 या मिश्र खताची पोती आणि मायकोरायझाचे पाकीट पुष्कळदा एकाच बिलावर असतात आणि एकाच आठवड्यात एकाच वाफ्यात पडतात. दोन्ही गोष्टी स्फुरदासाठीच आहेत, तेव्हा दोन्हींचा फायदा एकमेकांत मिळवला जाईल, अशी शेतकऱ्याची समजूत होते, आणि ती तशी होणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ज्या पिकाला भरपूर स्फुरद आयता मिळतो, ते पीक या बुरशीला मुळांत फारसा थारा देत नाही. हे आज पक्के झालेले शास्त्र आहे आणि ते बांधापर्यंत पोचले पाहिजे.

मुळात स्फुरद हे मातीतले अत्यंत कमी हालचाल करणारे अन्नद्रव्य आहे. नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येते. फॉस्फेट, म्हणजे मुळे ज्या रूपात स्फुरद घेतात ते, मात्र मातीच्या कणांना धरून बसते. गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यांतील काळ्या, चुनखडीयुक्त, विम्ल (अल्कधर्मी) जमिनींत ते कॅल्शियमशी बांधले जाते, तर इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागातील डोंगरउतारांच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनींत लोह आणि अॅल्युमिनियम त्याला अडकवून ठेवतात. म्हणून घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या हाती साधारण 15 ते 20 टक्केच लागतो आणि उरलेला बहुतांश मातीत साठत जातो. मुळी आपल्या भोवतीच्या एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातला फॉस्फेट उचलते, तो पट्टा रिकामा होतो, आणि मग माती परीक्षणाच्या कागदावर स्फुरद कितीही दिसला तरी त्या मुळीच्या दृष्टीने तो दूरच राहतो.

ही दरी मायकोरायझा भरून काढते. तिचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसमुळांहूनही बारीक असतात. जिथे मुळी शिरू शकत नाही अशा मातीच्या सूक्ष्म छिद्रांत ते शिरतात आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर अंतरावरचा फॉस्फेट उचलून आणतात. मुळाच्या आतील पेशींत ही बुरशी अतिशय नाजूक, फांद्याफांद्यांची झुडपासारखी रचना तयार करते. तिच्याभोवती वनस्पती स्वतःचे पातळ आवरण घालते आणि याच आवरणातून देवाणघेवाण चालते: बुरशी फॉस्फेट देते, वनस्पती शर्करा आणि स्निग्धाम्ले देते. ही झुडपे काही दिवसच टिकतात आणि पुन्हा नवी तयार होतात. स्कॉटलंडमधील राइनी येथे सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशा रचना दिसतात. जमिनीवर आलेल्या सुरुवातीच्या वनस्पतींना खरी मुळे फुटण्याआधीपासूनचे हे साहचर्य आहे, आणि आजही जमिनीवरील सुमारे 70 ते 80 टक्के वनस्पती ते पाळतात.

पण हा सौदा फुकट नाही, आणि पुढचे सगळे यावरच अवलंबून आहे. प्रकाशसंश्लेषणातून बनवलेल्या कर्बापैकी 4 ते 20 टक्के वाटा वनस्पतीला या बुरशीवर खर्च करावा लागतो. जिथे स्फुरद दुर्मीळ आहे तिथे ही किंमत परवडते. जिथे तो मुळाशी मुबलक आहे तिथे परवडत नाही. त्यामुळे बुरशीला बोलवायचे की नाही, हे वनस्पती आपल्या अंगातील स्फुरदाची पातळी पाहून ठरवते, आणि तो निर्णय संजीवकांमार्फत अमलात आणते.

यातील सर्वांत महत्त्वाचे संजीवक म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोन. त्याचा शोध मोठा विलक्षण आहे. ज्वारीवर येणारा टारफुला हा परजीवी तणाचा प्रकार आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे; यजमान पिकाचे मूळ जवळ आल्याखेरीज त्याचे बी रुजत नाही. त्या बियाला जागे करणारा पदार्थ 1966 साली अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळा करण्यात आला. आपल्याच शत्रूला निमंत्रण देणारा पदार्थ वनस्पती का सोडते, हे कोडे पुढे जवळजवळ चार दशके सुटले नाही. 2005 मध्ये जपानमधील कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, याच गटातील पदार्थामुळे मायकोरायझाच्या तंतूंना मुळाजवळ जोमाने फांद्या फुटतात. निमंत्रण बुरशीला होते; टारफुल्याने ते वाटेत ऐकायला शिकून घेतले होते. स्फुरदाची उपासमार सुरू झाली की मुळे हा पदार्थ जास्त सोडतात आणि पुरेसा स्फुरद मिळाला की तो आखडता घेतात, हे टोमॅटोसह अनेक पिकांत दिसून आले आहे.

2008 मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली: हाच पदार्थ वनस्पतीच्या अंगात संजीवक म्हणूनही काम करतो आणि फुटवे रोखतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर परिसरातील भातशेतीच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. स्फुरद कमी असलेल्या खाचरात भाताला फुटवे कमी येतात, तेव्हा आपण एवढेच म्हणतो की पीक अशक्त आहे. वास्तविक ते रोप मोजून-मापून वागत असते. मुळांत तयार झालेले स्ट्रिगोलॅक्टोन वर जाऊन फुटव्यांचे डोळे सुप्त ठेवते, म्हणजे जे थोडे स्फुरद आहे ते मोजक्या फुटव्यांना पुरेल. त्याच वेळी मुळांची रचना बदलते आणि शिल्लक ताकद जमीन धुंडाळण्याकडे वळते. एकच पदार्थ वर फुटवे आवरतो आणि खाली बुरशीला हाक घालतो. वनस्पतींच्या जगातील इतकी नेमकी योजना मला क्वचितच दुसरीकडे दिसली आहे, आणि ही माहिती कृषी पदविकेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

अर्थात स्ट्रिगोलॅक्टोन म्हणजे सगळे नव्हे. मुळांचे दोन भाग करून ते वेगवेगळ्या कुंड्यांत वाढवण्याचे प्रयोग वाटाण्यावर झाले आहेत. त्यांत एका बाजूला भरपूर फॉस्फेट दिल्यावर दुसऱ्या बाजूच्या मुळांतही बुरशीची वसाहत घटली, आणि बाहेरून स्ट्रिगोलॅक्टोन पुरवूनही ती पूर्ववत झाली नाही. म्हणजे केवळ हाक थांबते असे नव्हे. झाडाच्या संपूर्ण अंगातील स्फुरदाची पातळी पाहून आतले दारही बंद होते. 2021 साली भातावर झालेल्या संशोधनातून या दाराची कडीही हाती लागली. स्फुरदाची उपासमार ओळखणारी पीएचआर नावाची प्रथिनेच बुरशीच्या स्वागतासाठी लागणारी जनुके चालू करतात, आणि स्फुरद पुरेसा असला की एसपीएक्स नावाची प्रथिने त्यांना धरून ठेवतात.

कांद्याच्या बाबतीत तर याचा पुरावा अर्धशतक जुना आहे. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कांद्याच्या पानांवर फॉस्फेटची फवारणी केल्यावर मुळांतील मायकोरायझाची वसाहत कमी झाल्याचे आढळले. माती तीच, मुळे तीच, फवारणी फक्त पातीवर. तरीही परिणाम मुळांत दिसला. पाकिटातली बुरशी टाकून पाठोपाठ 12:61:0 हे स्फुरदयुक्त विद्राव्य खत ठिबकातून सोडणाऱ्या किंवा 0:52:34 ची फवारणी घेणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायचे?

आणि कांदा हे साधे उदाहरण नव्हे. त्याची मुळे उथळ, जाड, कमी फांद्यांची आणि जवळजवळ केसमुळांविना असतात, त्यामुळे स्वतःच्या बळावर स्फुरद उचलण्याची त्याची ताकद बेताचीच असते आणि ज्या पिकांना या बुरशीची सर्वाधिक गरज आहे त्यांत कांद्याचे नाव वरच्या रांगेत घेतले जाते. लासलगाव, पिंपळगाव, येवला, चांदवड, देवळा हा सारा पट्टा ज्या पिकावर उभा आहे, त्याच पिकाला आपण सवयीने अशा स्थितीत ठेवतो की या बुरशीशी त्याचे नाते जुळूच नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कांद्याची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी आहे. डीएपीत 46 टक्के स्फुरद असतो, म्हणजे 50 किलोच्या गोणीत 23 किलो. हा हिशेब केला तर शिफारशीतला सगळा स्फुरद डीएपीतूनच द्यायचा म्हटले तरी एकरी एका गोणीपेक्षा कमीच लागतो. लागवडीपूर्वी एकरी दोन गोण्या आणि वर विद्राव्य खतांचे डोस ही आपल्या भागात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हा पैसा शेतकऱ्याचा जातो, अनुदान सरकारचे जाते, आणि स्फुरदाच्या कच्च्या मालासाठी तर देश मोरोक्को, जॉर्डन यांसारख्या देशांवर अवलंबून आहे.

जादा स्फुरदाची दुसरी किंमत जस्ताच्या रूपाने मोजावी लागते. हीच बुरशी जस्तही उचलून आणते. स्फुरदाच्या अतिरेकाने ती हटली की चुनखडीच्या जमिनीत आधीच दुर्मीळ असलेले जस्त आणखी तुटते. मग पाने लहान राहतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि आपण झिंक सल्फेटची पिशवी आणायला पुन्हा त्याच दुकानात जातो.

द्राक्षाविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या वाणांत घड मोकळा करण्यासाठी आणि मणी वाढवण्यासाठी जिबरेलिक आम्ल, म्हणजे बागायतदारांचे जीए, ठरावीक टप्प्यांवर दिले जाते. त्याशिवाय निर्यातीच्या प्रतीचा माल होत नाही, हे मान्यच आहे. परंतु मुळांतील बुरशीच्या झुडपांसाठी ज्या डेला प्रथिनांची गरज असते, ती जिबरेलिन नष्ट करते. वाटाणा, भात आणि इतर वनस्पतींवरील प्रयोगांत जिबरेलिन दिल्यावर ही झुडपे घटलेली दिसली आहेत. इथिलीनही सहसा बुरशीच्या विरोधात जाते, तर अॅब्सिसिक आम्ल आणि ऑक्झिन तिला अनुकूल ठरतात. तेव्हा घड बुडवून दिलेले जीए आणि संपूर्ण वेलीवर फवारलेले जीए यांमुळे डॉगरिजसारख्या, द्राक्षाच्या कलमासाठी वापरल्या जाणाऱ्या खुंटांच्या पांढऱ्या मुळ्यांत काय फरक पडतो, याची पाहणी आपल्याच बागांत व्हायला हवी. पिंपळगाव बसवंतचे विद्यापीठाचे संशोधन केंद्र आणि पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्थांना हे काम सहज शक्य आहे. देठ परीक्षण करणारा आपला बागायतदार मुळांचे परीक्षणही आनंदाने करून घेईल.

आता या सगळ्यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये की स्फुरद बंदच करावा. ज्या जमिनीत तो खरोखर कमी आहे तिथे बुरशी शून्यातून स्फुरद निर्माण करू शकत नाही. ती फक्त आहे तो गोळा करून आणते. पेठ-सुरगाण्याच्या वरकस जमिनींवर नागली, वरई घेणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांना स्फुरद कमी करण्याचा सल्ला देणे अन्यायाचे ठरेल. माझे म्हणणे ज्यांच्या माती परीक्षणात वर्षानुवर्षे स्फुरद वाढतो आहे अशा बागायती पट्ट्याविषयी आहे. माती परीक्षणाच्या ओल्सेन पद्धतीने काढलेला उपलब्ध स्फुरद, मूलद्रव्याच्या हिशेबात, हेक्टरी 10 किलोच्या खाली असेल तर तो कमी आणि साधारण 25 किलोच्या वर असेल तर तो भरपूर समजतात. भरपूर गटात बसणाऱ्या शेतात पाकिटातल्या मायकोरायझावर पैसे घालण्याआधी स्फुरदाचा डोस उतरवणे हे पहिले काम आहे. कित्येक शेतांत तेवढ्यानेच मातीतली मूळची बुरशी पुन्हा कामाला लागेल. स्फुरद मुबलक असताना बुरशी मुळांत शिरलीच, तर ती कर्ब घेते आणि मोबदल्यात फारसे देत नाही, त्यामुळे पिकाची वाढ किंचित घटल्याचेही काही प्रयोगांत दिसले आहे.

याउलट, वाढीत फरक दिसला नाही म्हणून बुरशी निरुपयोगी असेही समजू नये. टोमॅटोवरील 2003 च्या एका प्रयोगात बुरशी असलेली आणि नसलेली झाडे सारखीच वाढली होती. पण स्फुरदाचा माग काढल्यावर कळले की, बुरशी असलेल्या झाडांत जवळजवळ सगळा स्फुरद बुरशीच्याच वाटेने आला होता आणि मुळांनी स्वतःची वाट मिटून घेतली होती. डोळ्यांना दिसणाऱ्या उंचीवरून मुळांचा निवाडा करता येत नाही, तो असा.

कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक आणि बीट यांच्याशी या बुरशीचे नाते जुळतच नाही. गिरणारे परिसरात कोबी-फ्लॉवरचे पीक घेणाऱ्यांना मायकोरायझाचे पाकीट विकणे म्हणजे त्यांचे पैसे वाया घालवणे होय, आणि अशा पिकानंतर लगेच कांदा घेतला तर जमिनीतील बुरशीचा साठा ओसरलेला असतो. मध्ये मका, ज्वारी, ताग किंवा एखादे कडधान्य आले तर तो पुन्हा भरून निघतो. खोल नांगरटीने बुरशीचे जाळे तुटते. रोपवाटिकेत मर रोखण्यासाठी ओतलेले कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक रोगाची बुरशी आणि उपकारक बुरशी यांत भेद करत नाही. म्हणून पाकिटातली बुरशी आणि अशी आळवणी एकाच काळात करण्यात अर्थ नाही.

विक्रीविषयी एक मागणी आहे. ही बुरशी जिवंत मुळांशिवाय पूर्ण वाढत नाही, म्हणून ती स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसारखी नुसत्या टाकीत तयार करता येत नाही; मका किंवा गवताच्या मुळांवर, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाजराच्या मुळांवर ती तयार करावी लागते. त्यामुळे तिच्या गुणवत्तेत फार तफावत पडू शकते. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये मायकोरायझाचा समावेश आहे आणि जिवंत घटकांची संख्या व मुळांत शिरण्याची क्षमता यांचे निकष ठरवून दिलेले आहेत. कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी रासायनिक खतांइतकेच या पाकिटांचेही नमुने काढावेत. शिवाय कोणत्या पिकांना ते चालत नाही आणि मातीत किती स्फुरद असताना त्याचा उपयोग होत नाही, हे पाकिटावर ठळक मराठीत छापणे बंधनकारक करावे.

दुसरी विनंती मृदा आरोग्य पत्रिकेविषयी. ही योजना 2015 पासून सुरू आहे आणि पत्रिकेवर 12 घटक तपासून दिले जातात, पण स्फुरद भरपूर असल्यास पुढच्या पिकाला तो किती कमी करायचा हे शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत, गोण्यांच्या हिशेबात सांगितले जात नाही. हेक्टर आणि किलोचे आकडे एकर आणि गोण्यांत करून देणे हे काही अवघड काम नाही.

तिसरी विनंती मी माझ्याच व्यवसायबंधूंना करते. मुळांतील मायकोरायझा पाहण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. मुळांचे बारीक तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून पारदर्शक करायचे, व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या पेनच्या शाईने रंगवायचे आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. आतली झुडपे आणि तंतू स्पष्ट दिसतात. नाशिक, निफाड, पिंपळगाव, सिन्नर, मालेगाव येथील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत हे सर्व साहित्य आहे, आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषयही हवे असतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे; त्याने महाविद्यालयांना सोबत घेऊन गावोगावच्या मुळांची पाहणी करावी आणि ती त्याच शेतांच्या माती परीक्षणाशी जुळवून प्रसिद्ध करावी.

या पाहणीला येत्या पुनर्लागवडीइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. कांद्याचे रोप तेव्हा उपटलेलेच असते, त्यामुळे शेतकऱ्याचे काहीही नुकसान न करता प्रत्येक रोपवाटिकेतून मूठभर मुळे मिळतील. कृषी विज्ञान केंद्राने डिसेंबरपूर्वी महाविद्यालयांना पत्रे पाठवली, तर नमुने गोळा करण्याचे काम जानेवारीअखेर पुरे होऊ शकेल.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
नाशिक